काळ्या मातीखालचा तांबडा

वऱ्हाडात उन्हाळा लागला की जायचं नाही, असं एक वऱ्हाडी माणूस मला चौतीस वर्षं सांगत आला आहे. तो माणूस म्हणजे माझा नवरा, सुधाकर. त्यामुळे मी बरोबर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेले.

मी चिपळूणची. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. सुधाकर बाळापूरजवळच्या एका खेड्यातला. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत कोकणात आला आणि इथलाच झाला, पण मातीच्या बाबतीत त्यानं अजून हार मानलेली नाही. माझं कुठलंही चित्र पुरं झालं की मी ते झोपाळ्यासमोर टेकवून ठेवते. मग हा चहा घेऊन बसतो आणि निवांत चुका काढतो. एकदोनदा मी आठवणीनं वऱ्हाडातली काळी जमीन काढून पाहिली. त्यानं बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "हे डांबर आहे. रस्ता छान काढलास. वावर कुठं आहे?"

गेली आठ वर्षं आमचं तिकडं जाणं बंद होतं. तिथली शेती माझे धाकटे दीर दिनकरभाऊजी पाहतात. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, माझ्या सासऱ्यांनी लावलेला एक कडुनिंब होता. ट्रॅक्टर वळायला अडचण होते म्हणून भाऊजींनी तो तोडला. सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, आणि मोठ्या भावाला विचारलंही नव्हतं. सुधाकरला ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्यानं फोन लावला, त्या वावरात आता पाय ठेवणार नाही आणि तुझ्याशी बोलणार नाही, एवढं सांगितलं आणि ठेवला. आणि मेला शब्दाचा पक्का! कुणी मोबाइलवर वावराचा फोटो दाखवला तरी मान फिरवतो.

आम्हा दोघी जावांचं मात्र उत्तम चाललं होतं. निर्मला मला लोणच्याच्या बरणीपासून नातवाच्या पहिल्या दातापर्यंत सगळ्याचे फोटो पाठवते. फक्त शेताचे पाठवत नाही. तशी भाऊजींची ताकीद होती. मी कारण कधी विचारलं नाही, कारण आमच्या घरातही तो विषय काढायची सोय नव्हती. पण दोघा भावांचे केस पांढरे होत चालले होते आणि हे असंच राहून जाणार, या विचारानं माझा जीव खालीवर व्हायचा. सुधाकर फोटो बघत नाही, पण माझं चित्र बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तेव्हा वावराचं चित्र काढून आणायचं आणि झोपाळ्यासमोर ठेवायचं, एवढंच माझं कारस्थान होतं. भीती एकाच गोष्टीची होती. माती चुकली तर तो पुन्हा डांबर म्हणून हसणार आणि सगळं तिथंच आटोपणार.

अमरावती

निमित्त आयतं मिळालं. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन अमरावतीला गेली आहे आणि घराच्या वरच्या मजल्यावर चित्रकलेचा वर्ग चालवते. जलरंगावर पेस्टल कसं करायचं ते दोन दिवस शिकवायला या, असं तिनं कळवलं. सुधाकरनं विरोध केला नाही. फक्त स्टेशनवर पोचवायला आला तेव्हा म्हणाला, "अकोल्याला उतरलीस तर मला काही सांगू नकोस."

ज्यांना ही कला माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कागद खरखरीत घ्यायचा, पॉलिश पेपरसारखा. त्यावर आधी जलरंग पातळ करून मोठ्या ब्रशनं सरळ फासायचा. तो सुकला की वरून पेस्टलच्या, म्हणजे मऊ रंगीत खडूच्या कांड्या चालवायच्या. गंमत अशी की खाली जो रंग द्यायचा तो बहुतेक वेळा उलटा असतो. हिरव्या झाडाखाली लाल, निळ्या आकाशाखाली नारिंगी. खडूच्या कणांमधून तो खालचा रंग डोकावत राहतो आणि चित्राला ऊब येते. खडू कागदाच्या दाण्यात नुसता अडकलेला असतो, बोट लागलं तरी निघतो. त्यामुळे माझ्या चित्राला हात लावणाऱ्याला मी माफ करत नाही.

चिपळूणला पावसाळ्यात जलरंगाचा एक हात सुकवायला मी केस वाळवायचं यंत्र घेऊन बसते. अमरावतीत ब्रश पाण्यातून काढून कागदापर्यंत नेईस्तोवर निम्मा सुकायचा. पहिले तीन कागद मी वाया घालवले आणि वर्गासमोर दोष कागदाला दिला.

वर्गात पंधरावीस माणसं होती. त्यात तायडेकाका नावाचे एक निवृत्त तलाठी होते. पहिल्या रांगेत, पांढराशुभ्र सदरा, वही उघडी. मी टेबलावर संत्री मांडली होती आणि कागदावर त्या जागी निळे गोल दिले होते. काकांनी हात वर केला.

"बाई, संत्रं निळं काहून करून राहिले तुमी?"

"जरा थांबा," मी म्हटलं.

"थांबतो. पण वरूडच्या संत्र्यावाल्यानं पाह्यलं तर रागावंन."

सगळा वर्ग हसला. मग मी निळ्यावर नारिंगी खडू चालवला, उजेडाच्या बाजूला पिवळा दिला, आणि संत्री गोल होऊन टेबलावर बसली. काका उठून जवळ आले, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ बघत राहिले.

"आता जमलं," ते म्हणाले. "पण बाई, तुमी सारंच झाकून टाकता. खालचं निळं कायले लावलं मंग?"

पुण्याच्या माणसाला हे उद्धट वाटलं असतं. मला तर वाटलंच. मी त्यांना पेस्टलवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं आणि त्यांनी ते शांतपणे वहीत उतरवून घेतलं. वर्ग संपल्यावर मला गिला वडा खायला घेऊन गेले तेही तेच. दह्यात बुडालेला, वर तिखट लाल चटणी घातलेला तो वडा खाताना मला घाम फुटला, तर म्हणाले, "दही हाय ना बाई, थंड असते." उतरले होते त्या खोलीवर आल्यावर मी संत्र्याचं चित्र पुन्हा पाहिलं. निळ्याचा मागमूस नव्हता. मेल्या तलाठ्याचं बरोबर होतं, आणि याचा मला फार राग आला.

अकोला, आणि तिथून पुढे

अमरावतीहून अकोल्याला एस.टी.नं गेले. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका गतिरोधकावर खडूंचा डबा फळीवरून खाली आला आणि गुलाबी रंगाच्या सगळ्या कांड्यांचा भुगा झाला. शेजारच्या बाईंनी तो प्रेमानं गोळा करून माझ्या रुमालात बांधून दिला आणि विचारलं, "रांगोळी लय महाग भेटली का?" मी हो म्हटलं. कोण समजावत बसणार.

बाहेर खिडकीतून मैलोगणती नांगरलेली जमीन दिसत होती. आमच्या कोकणात नजर कुठंतरी अडते. डोंगर तरी येतो, नाहीतर कुणाची तरी माडाची बाग. इथं अडवायला काही नाही. मधूनच एखादा पळस पेटलेला, बाकी काळं रान थेट आकाशापर्यंत. पहिला अर्धा तास मला चुकल्याचुकल्यासारखं झालं आणि नंतर मोकळं वाटू लागलं.

अकोल्याच्या स्टँडवर निर्मला घ्यायला आली होती. आठ वर्षांनी प्रत्यक्ष भेटत होतो. ती रडली, मी रडले, आणि मग तिनं माझ्याकडे नीट बघून "ताई, तुमी फोटोत बारीक दिसता" असं सांगितलं. बाळापूरच्या रस्त्याला लागलो, नदीकाठचा किल्ला लांबून दिसला, आणि पुढं पातूरच्या बाजूला वळून गावात पोचलो. स्लॅबचं घर, दारात वाळवणाच्या खाटा, खिडकीला घरघरणारा कूलर. दिनकरभाऊजी अंगणात उभे होते. सुधाकरचीच चण, तोच नाकाचा शेंडा.

"या वयनी," ते म्हणाले. मग माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं. "दादा नाई आला."

"नाही आला," मी म्हटलं.

"बरं, हातपाय धुवा. रोडगे केले हायेत."

रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे टणक गोळे. ते फोडून त्यात तूप सोडायचं आणि झणझणीत वांग्याच्या भाजीत कुस्करून खायचे. आमच्याकडं वांग्यात ओलं खोबरं आणि गुळाचा खडा पडतो. मी तसं म्हणाले तर निर्मलेनं अशा दयेनं माझ्याकडं पाहिलं की मी पुढं गुळाचं नावच काढलं नाही. तीन रोडगे खाल्ले.

वावर

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर आम्ही वावरात गेलो. हरभरा निघून गेला होता, जमीन नांगरून टाकली होती, डोक्याएवढाली ढेकळं पसरली होती. आणि धुऱ्याच्या कोपऱ्यात एक कडुनिंब उभा होता.

मी बघतच राहिले. एका जुन्या खुंटातून तीन बुंधे फुटलेले, घराच्या छताहून उंच, नव्या पालवीनं तांबूस झालेले. बुडाशी चारी बाजूंनी बाभळीच्या काट्या रचलेल्या होत्या. भाऊजी लांब विहिरीपाशी गेले होते. निर्मला हळूच म्हणाली, "तोडल्यावर आठ दिवस जेवले नाई बरोबर. पावसात फुटलं तवा यायनंच काट्या लावल्या. शेळ्या खातात म्हणून. दरसाल नव्या लावतात. कोणाले हात लावू देत नाई."

मी झाडाकडं पाठ करून बसले. मुद्दामच. झाड चित्रात आलं तर सुधाकरची जुनी जखम उघडी पडेल आणि तो मान फिरवेल, असं मला वाटलं. नुसतं वावर असावं, नुसती माती, म्हणजे तो निदान बसून बघेल. फळीवर कागद चिकटवला आणि खालच्या अर्ध्या भागात जलरंग दिला. विटकरी तांबडा, त्यात थोडा जांभळा.

निर्मला डब्याचं झाकण उघडता उघडता थांबली. "ताई, आमच्या वावरात लाल माती कुठून आली? कोकणातून पिशवीत घेऊन आल्या का?"

"वरून काळं येणार आहे. गप्प बस."

"मंग आधीच काळं काहून नाई लावत?"

मी कांडी उचलली. तिथून पुढं मात्र माझा तोल गेला. सुधाकरचं ते डांबर डोक्यात बसलेलं. खरंखुरं काळं दिसलं पाहिजे या हट्टानं मी गडद तपकिरी चालवला, वर गडद निळा, वर कोळशासारखा काळा, आणि तळहातानं दाबून दाबून बसवला. उजेड गेला तेव्हा बघते तर समोर रस्ता. खडी टाकायची तेवढी बाकी होती. भाऊजी मागं येऊन उभे राहिले, बघितलं आणि म्हणाले, "चला, अंधार पडंन." एवढ्यावरून मला कळलं.

चित्र मी घरी आणून कपाटाच्या कडेला उभं केलं आणि खट्टू मनानं जेवले. परवा परतीचं तिकीट होतं. त्या रात्री मी बॅगेतला बटर पेपर काढून चित्रावर घालायचाही आळस केला, इतकी वैतागले होते.

सकाळी उठून चहाला आले तर निर्मला घर पुसत होती. नांगरटीच्या दिवसांत तिकडं घरात इतकी माती येते की बायका दिवसातून दोनदा सगळं झटकतात. भांडी, फोटो, टीव्ही, देव, सगळं. ती मला बघून प्रसन्न हसली. "ताई, तुमच्या चितरावर लय धूळ बसली होती. पुसून टाकली म्या."

तिच्या हातातलं फडकं काळंभोर झालं होतं.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. कोकणातली माणसं सुटली की त्यांना आवरणं कठीण. निर्मला बिचारी भिंतीला टेकली. "धूळच वाटली न ताई, हाताले लागत होती," एवढंच म्हणत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊजी आरडाओरडा ऐकून गोठ्यातून आले. मी त्यांना फळी दाखवली. हे बघा तुमच्या बायकोनं काय केलं ते, असं म्हणून रडायच्या बेतात होते.

भाऊजींनी फळी हातात घेतली, दारापाशी उजेडात नेली आणि लांब धरली.

"अजी थांबा वयनी," ते म्हणाले. "आता दिसून राह्यलं वावर."

मी पुढं जाऊन पाहिलं. खरंच. कोरड्या फडक्यानं वरचा सगळा थर निघून गेला होता. जलरंगाला काही झालं नव्हतं, तो कागदात मुरला होता. आणि त्या तांबड्या-जांभळ्यावर काळा खडू फक्त कागदाच्या खळग्यांत उरला होता. फडकं जिथं आडवं फिरलं तिथं नांगराच्या तासासारखे पट्टे उमटले होते. ढेकळांच्या कडा आतून उबदार दिसत होत्या, संध्याकाळी मी प्रत्यक्ष बघितल्या होत्या तशाच. इतकी वर्षं मी जे झाकत आले होते ते माझ्या जावेनं दोन हातांत उघडं केलं होतं. मला हसू फुटलं ते थांबेना. निर्मलेला वाटलं बाईचं डोकं फिरलं. मी तिला मिठी मारली, तिची माफी मागितली आणि म्हटलं, ते फडकं धुऊ नकोस, अजून लागेल.

भाऊजींचं लक्ष अजून चित्रातच होतं. "झाड काहून नाई काढलं?" त्यांनी विचारलं.

"त्याला पुन्हा राग येईल म्हणून."

"राग माह्यावर हाय त्याले. झाडानं काय केलं?" "अन् ते फुटलं हे त्याले मालूमच नाई."

"मग आठ वर्षांत सांगितलं का नाही, भाऊजी?"

"कोणत्या तोंडानं सांगू, वयनी? तोडलं म्याच. आता मीच सांगू का, पाह्य, मेलं नाई म्हणून? फोटो पाठवला तर वाटंन, सफाई देऊन राह्यलो." त्यांनी फळी माझ्या हातात दिली. "तुमी काढून न्या. म्या म्हटलं म्हणून सांगू नका."

मग मी दुपारचं जेवणही घेतलं नाही. टोपी घातली, पाण्याची बाटली घेतली आणि पुन्हा वावरात जाऊन बसले. या खेपेला झाडाकडं तोंड करून. त्याच कागदाच्या कोपऱ्यात झाडाच्या जागी आधी तांबडा हात दिला, तो दोन मिनिटांत सुकला. वरून हिरवा अगदी जपून, टेकवल्यासारखा. तीन बुंधे घेतले, खुंट घेतला, काट्यांचं कुंपणही घेतलं. जिथं हात जास्त चालायला लागला तिथं निर्मला, जी आता स्वतःला जाणकार समजू लागली होती, बजावायची, "पुरे ताई. झाकून जाईन." एस.टी.तल्या बाईंनी रुमालात बांधून दिलेला गुलाबी भुगा पालवीवर चिमटीनं सोडला.

चिपळूण

घरी आले त्या संध्याकाळी चित्र झोपाळ्यासमोर ठेवलं आणि चहा टाकला. सुधाकर येऊन बसला. बशी हातात तशीच राहिली. मी पोळपाट पुसायचं नाटक करत दारात उभी होते.

"नांगर खोल गेलाय यंदा," तो म्हणाला.

डांबर म्हणाला नाही. मला तेवढंच पुरे झालं असतं. पण तो पुढं वाकला. "हा निंब तू मनानं टाकलास."

"मी मनानं काही टाकत नाही."

"तो तोडला त्यानं."

"तोडला. खुंटातून फुटला. आता घराच्या वर गेलाय."

"आणि खाली हे काय?"

"बाभळीच्या काट्या. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून भाऊजी दरवर्षी नव्या घालतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत." सांगू नका म्हणाले होते ते फक्त एका वाक्याबद्दल, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

सुधाकरनं चहा खाली ठेवला. मग माझा मोबाइल मागून घेतला, कारण त्याच्या मोबाइलमधून तो नंबर त्यानं केव्हाच काढून टाकला होता. मी त्याला स्पीकर लावून दिला. पलीकडं घंटा वाजली, कुणीतरी उचलला.

"दिन्या," तो म्हणाला. इतक्या वर्षांत माझ्याशी कधी न बोललेल्या आवाजात. "झाड मोठं झालं आता. त्या काट्या काढ. बुंध्याले हवा लागू दे."

पलीकडून भाऊजींचा आवाज आला, "तूच ये काढाले."

"येतो," सुधाकर म्हणाला, पण इतकं हळू की माझ्यापर्यंतही धड पोचलं नाही.

"जोरात बोल," मी म्हटलं, "तिकडं ऐकू गेलं नसेल."

त्यावर फोनमधून निर्मला बोलली. "गेलं ऐकू, ताई. हे इथं डोळे पुसून राह्यले."